हातावरची सूज, रक्तातला आकडा

१९४०च्या दशकात स्टॅनफर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका प्रयोगशाळेत लांबलांबच्या डॉक्टरांकडून सीरमचे नमुने येत. बरोबर रोग्याची चार ओळींची माहिती असे. त्यातले दोन ठरावीक नमुन्याचे रोगी शेजारीशेजारी ठेवून पाहू. पहिल्याच्या हाताच्या कातडीत बुरशीच्या अर्काचा थेंब टोचला, तर दोन दिवसांत तिथे लाल, टणक सूज आली. रक्तात मात्र अँटिबॉडी जेमतेम. दुसऱ्याच्या हातावर काहीच उमटलं नाही. सुई कुठे टोचली होती तेही शोधावं लागावं. पण रक्त अँटिबॉडींनी काठोकाठ भरलेलं. दोघांनाही लागण एकाच बुरशीची. यातला वाचणार कोण?

आपल्यातले बहुतेक जण दुसऱ्याचं नाव घेतील. करोनाच्या काळात लस घेऊन झाल्यावर लॅबमध्ये अँटिबॉडी मोजून घेणारे आणि मग फोनवर 'तुझ्या किती आल्या?' असं विचारणारे लोक आपण सगळ्यांनीच पाहिले. आकडा मोठा म्हणजे माणूस सुरक्षित, हा हिशेब मनाला लगेच पटतो, आणि काही रोगांत तो बराचसा खराही आहे. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यातल्या एका बुरशीने मात्र तो उलटा पाडला. वरच्या जोडीतला पहिला रोगी काही आठवड्यांत कामावर जायचा. दुसऱ्याच्या घरच्यांना डॉक्टर बाजूला बोलावून घ्यायचे.

हे कळायला वैद्यकाला पन्नास वर्षं लागली. त्यातली पहिली काही तर चुकीच्या दिशेनेच गेली.

या रोगाची पहिली नोंद कॅलिफोर्नियातली नाहीच. ती आहे अर्जेंटिनातल्या ब्यूनॉस आयर्सची. आलेहांद्रो पोसादास नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यासमोर घोडदळातला एक सैनिक आला. त्याच्या चेहऱ्यावर आणि अंगावर गाठी आणि व्रण होते, आणि औषधांना ते दाद देत नव्हते. पोसादासने व्रणाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्याला जाड भिंतीचे गोल दिसले. काही रिकामे, काहींच्या पोटात खच्चून भरलेले बारीक कण. १८९२ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. हा कुठलातरी एकपेशीय प्राणी असावा, असा त्याचा आणि त्याचे गुरू वर्निके यांचा समज झाला. तो सैनिक पुढे काही वर्षं झिजत राहिला आणि याच दुखण्याने गेला.

तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत एमेट रिक्सफर्ड या शल्यविशारदाकडे जवळपास याच सुमाराला असाच एक रोगी आला. तो अझोर बेटांवरून आलेला, सॅन वाकीन खोऱ्यात राबणारा पोर्तुगीज शेतमजूर होता. रिक्सफर्डने बाल्टिमोरच्या गिलख्रिस्ट या डॉक्टरची मदत घेतली. त्यांनाही तो प्राणीच वाटला, आणि १८९६ साली त्यांनी त्याला 'कॉक्सिडिऑइडीस इमिटिस' असं भारदस्त नाव दिलं. आता गंमत अशी, की रोग्याच्या पुवातून हा 'प्राणी' वाढवायचा प्रयत्न केला की बशीत दरवेळी पांढरी, कापसासारखी बुरशी उगवायची. बशी दूषित झाली, असं म्हणून ती टाकून दिली जायची. १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोतच विल्यम ओफ्युल्स आणि हर्बर्ट मॉफिट यांनी ती बुरशी टाकून न देता प्राण्यांना टोचून पाहिली. प्राणी आजारी पडले आणि त्यांच्या अंगात तेच जाड भिंतीचे गोल सापडले. म्हणजे इतके दिवस रोगाचं मूळच कचऱ्यात जात होतं. मातीत ती बुरशी, शरीरात तो गोल. एकाच जिवाची दोन रूपं. पुढे ओफ्युल्सने हेही दाखवलं, की ही बुरशी बहुधा श्वासावाटे फुफ्फुसांत शिरते.

इथवर सगळं ठीक. पण वैद्यकाच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली होती, ती तशीच राहिली: हा रोग झाला की माणूस गेला. त्याला कारणही तसंच होतं. मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात पोचत ते हाडांत, मेंदूच्या आवरणांत, कातडीत बुरशी पसरलेले रोगी. जे खोऱ्यात घरच्या घरी खोकून बरे होत, त्यांची गाठ कधी सूक्ष्मदर्शकाशी पडतच नव्हती.

१९२९ साली स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याच्या अपघाताने या समजाला तडा गेला. हॅरोल्ड चोप हा अर्नेस्ट डिक्सन यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. बुरशीची एक जुनी, वाळलेली बशी त्याने उघडली आणि आतून धुरळा उडाला. तो त्याच्या नाकातोंडात गेला. नवव्या दिवशी तो तापाने पडला, छातीत दुखू लागलं, न्यूमोनिया झाला. त्याच्या थुंकीत बुरशी सापडली, तेव्हा सगळ्यांनी आशा सोडली असणार. पुस्तकात तर दुसरा शेवट लिहिलेलाच नव्हता. मग त्याच्या नडगीवर दुखऱ्या, तांबड्या-जांभळ्या गाठी उठल्या. आणि पोरगा बरा झाला.

डिक्सन चक्रावले. प्राणघातक म्हणून नोंदलेला रोग, आणि रोगी काही आठवड्यांत ठणठणीत. अशी आणखी माणसं असतील का?

ती शेकड्यांनी होती. सॅन वाकीन खोऱ्याच्या दक्षिण टोकाला कर्न काउंटी आहे. बेकर्सफील्ड हे तिचं मुख्य गाव. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या एका तापाला 'खोऱ्यातला ताप' म्हणत आले होते. खोकला, ताप, सांधेदुखी आणि नडग्यांवर तांबड्या गाठी. गावातल्या बायका सुद्धा त्याचं निदान करत. नव्याने आलेल्यांना तो हटकून होई, जुन्यांना होत नसे. कुणीच त्याला फारसं गंभीर मानत नव्हतं. एकाच खोऱ्यात एक क्षुल्लक ताप आणि एक जीवघेणा दुर्मीळ रोग शेजारीशेजारी नांदत होते, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध जोडावा असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तो जोडला मर्नी गिफर्ड यांनी. काउंटीच्या आरोग्य खात्यात त्या डॉक्टर होत्या. १९३०च्या दशकात ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांत दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी शेती उद्ध्वस्त झाली. तिथली कुटुंबं फाटक्या मोटारीत गाद्या-भांडी बांधून कॅलिफोर्नियाच्या कापूस-द्राक्षांच्या मळ्यांवर कामाला येत होती. (स्टाइनबेकने १९३९च्या त्याच्या कादंबरीत चितारली ती हीच माणसं.) नवी माणसं, उघड्यावरचे तंबू, कोरडी जमीन आणि दिवसभर धुळीतलं काम. गिफर्ड यांच्या लक्षात आलं, की नडगीवर गाठी उठलेल्या या तापकऱ्यांना बुरशीच्या अर्काची सुई टोचली तर हात सुजतो, आणि काहींच्या थुंकीत बुरशीही सापडते. म्हणजे गावाचा साधा ताप आणि पुस्तकातला जीवघेणा रोग एकच. १९३८ साली डिक्सन आणि गिफर्ड यांनी मिळून ते प्रसिद्ध केलं. इतिहासात नाव डिक्सन यांचं मोठं झालं. पण खोऱ्यात राहून, रोगी तपासून दुवा पकडला तो एका सरकारी खात्यातल्या बाईंनी, हे नोंदवायला हवं.

आता खरा प्रश्न पुढे आला. रोग एकच असेल, तर एकाला तो पडशासारखा होऊन जातो आणि दुसऱ्याच्या मेंदूपर्यंत पोचतो, हे कसं? आणि सुरुवातीला दोघे सारखेच दिसतात, तेव्हा कोण कुठल्या वाटेने जाणार हे आधी ओळखायचं कशावरून?

हा प्रश्न ज्याने आयुष्यभर उराशी धरला तो चार्ल्स एडवर्ड स्मिथ. डिक्सन यांच्या हाताखालचा तरुण डॉक्टर. १९३७ ते १९३९ या काळात त्याने कर्न आणि टुलेअरी या दोन काउंट्यांमध्ये सतरा महिने ठाण मांडलं. जुनाट मोटारीतून तो वस्त्यावस्त्या पालथ्या घालत असे. ताप आलेल्याच्या दारात जायचं, हातावर टोचायचं, रक्त घ्यायचं, कुटुंबाची चौकशी करायची, पुन्हा दोन दिवसांनी सूज मोजायला यायचं. असे ४३२ रोगी त्याने गोळा केले.

या कामातून रोगाचा स्वभाव कळला. खोऱ्यातून नुसते येऊन-जाऊन गेलेले प्रवासी आजारी पडले, त्यांच्या तारखांवरून लागण आणि ताप यांतलं अंतर एक ते तीन आठवड्यांचं आहे, हे ठरवता आलं. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसापूर्वी, धूळ सगळ्यात जास्त उडते तेव्हा, रोगी वाढत. माणसाकडून माणसाला तो लागत नाही. आणि एकदा होऊन गेला, की जवळजवळ जन्माची सुटका. यातलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण मात्र नडगीवरच्या गाठींचं होतं. ज्यांच्या पायावर त्या उठत, ते हमखास बरे होत. अशा रोग्यांचा हात इतका उग्रपणे सुजे, की स्मिथला त्यांच्यासाठी अर्क नेहमीपेक्षा कितीतरी पातळ करावा लागे. शरीर ज्याचं जोरात चिडतं तो वाचतो, असं काहीसं ते दिसत होतं.

हा अर्क, म्हणजे 'कॉक्सिडिऑइडिन', तयार करण्याची कृती सांगायला सोपी आणि करायला जोखमीची. बुरशी द्रव खाद्यात कित्येक आठवडे वाढवायची, मग मारून गाळायची आणि उरलेलं पाणी वापरायचं. त्या पाण्यात बुरशीचे विरघळलेले घटक असतात, जिवंत काही नसतं. क्षयासाठी मँटू चाचणी करतात तीच ही रीत. हाताच्या आतल्या बाजूला ०.१ मिलिलिटर टोचायचं आणि एक-दोन दिवसांनी बोट फिरवून टणकपणा किती मिलिमीटर आहे ते पट्टीने मोजायचं. नुसती लाली मोजायची नाही. पाच मिलिमीटरच्या वर टणक सूज आली तर या माणसाच्या शरीराची बुरशीशी आधी गाठ पडली आहे. जोखीम होती ती बुरशी वाढवण्यात. बशीचं झाकण उघडलं की बीजाणू हवेत. या बुरशीवर काम करणाऱ्या कितीतरी जणांना लागण झाली.

तेवढ्यात युद्ध आलं. अमेरिकेच्या लष्कराला वैमानिक तयार करायचे होते, आणि त्यासाठी निरभ्र आकाश आणि सपाट मोकळी जमीन हवी होती. दोन्ही सॅन वाकीन खोऱ्यात मुबलक. बेकर्सफील्डजवळ मिंटर फील्ड, टाफ्टजवळ गार्डनर फील्ड असे तळ १९४१च्या सुमाराला उभे राहिले. स्मिथने धोका सांगितला होता. जागा बदलल्या नाहीत, मात्र त्याला सल्लागार नेमून तळावर काम करू दिलं. प्रत्येक नव्या सैनिकाला आल्याबरोबर सुई टोचायची आणि ठरावीक काळाने पुन्हा टोचायची. आधी हात सुजला नव्हता आणि आता सुजला, म्हणजे दरम्यान लागण झाली. ताप आला असो वा नसो.

एका रोगाचं इतकं स्वच्छ चित्र क्वचितच कुणाला मिळालं असेल. लागण झालेल्या शंभरांतल्या साठांना ती झाल्याचं कळलंसुद्धा नाही. उरलेल्या चाळिसांना कमी-अधिक ताप-खोकला झाला. अगदी थोड्यांत बुरशी फुफ्फुसाबाहेर पसरली, आणि त्या थोड्यांत कृष्णवर्णीय सैनिकांचं प्रमाण गोऱ्यांच्या कितीतरी पट होतं. का, याचं पूर्ण उत्तर आजही हाती नाही. तळांवर मग गवत लावलं, रस्ते डांबरी केले, धावपट्ट्यांच्या कडेला तेल शिंपडलं, धुळीतल्या खेळांऐवजी पोहण्याचे तलाव बांधले. लागण निम्म्याने ते दोनतृतीयांशाने कमी झाली. औषध नसलेल्या रोगावर गवताचं बी हा त्या काळातला सगळ्यात गुणकारी उपाय ठरला.

आणि इथे एक अप्रिय गोष्ट. ज्यांच्यावरून ही माहिती मिळाली ती माणसं जागा सोडून जाऊ शकणारी नव्हती. सैनिक हुकमाचे ताबेदार. ॲरिझोनात फ्लॉरेन्सला युद्धकैद्यांचा तळ होता, तिथेही हा रोग झाला. १९४२ साली अमेरिकेने आपल्याच देशातल्या एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या माणसांना घरांतून उठवून छावण्यांत टाकलं. त्यातली गिला रिव्हरची छावणी ॲरिझोनाच्या वाळवंटात, बुरशीच्या ऐन मुलखात होती. एका वेळी तेरा हजारांहून जास्त माणसं तिथे होती, आणि बराकींच्या फटींतून धूळ आत येई. रोग तिथेही पोचला. शास्त्राच्या इतिहासात याला 'नैसर्गिक प्रयोग' म्हणायची पद्धत आहे. त्यातलं नैसर्गिक काय, ते ठरवणं मी वाचकांवर सोडतो.

आता प्रयोगशाळेकडे. स्मिथच्या बरोबर मार्गारेट साइतो, रॉडनी बियर्ड आणि इतर काही जण रक्तावरच्या दोन चाचण्या करत होते. पहिली सरळ होती: रोग्याचं सीरम आणि कॉक्सिडिऑइडिन एकत्र ठेवायचं, अँटिबॉडी असल्या तर नळीच्या तळाशी साका बसतो. आजाराच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही चाचणी लागते आणि काही महिन्यांत पुन्हा कोरी होते. लागण ताजी आहे, एवढं तिने कळे.

दुसरी चाचणी किचकट. तिला कॉम्प्लिमेंट फिक्सेशन म्हणतात, आणि जुन्या पॅथॉलॉजिस्टांना ती सिफिलिसच्या वासरमान चाचणीमुळे पाठ असे. रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात. अँटिबॉडी आपल्या शत्रूला चिकटली की ही प्रथिनं तिथे खर्च होतात. म्हणून रोग्याचं सीरम, बुरशीचा अर्क आणि गिनीपिगच्या रक्तातलं मोजून घेतलेलं कॉम्प्लिमेंट एका नळीत घालायचं आणि थांबायचं. मग त्यात मेंढीच्या तांबड्या पेशी टाकायच्या. या पेशींना आधीच त्यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी लावून ठेवलेल्या, त्यामुळे कॉम्प्लिमेंट शिल्लक असेल तर त्या फुटतात आणि नळी स्वच्छ लाल दिसते. कॉम्प्लिमेंट संपलेलं असेल तर पेशी फुटत नाहीत. तळाशी लाल टिकलीसारख्या बसून राहतात, वरचं पाणी नितळ. टिकली दिसली, म्हणजे रोग्याच्या सीरममध्ये अँटिबॉडी होत्या. मग सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं: १:२, १:४, १:८, १:१६, १:३२. शेवटची टिकली ज्या नळीत दिसेल, तो त्या रोग्याचा टायटर.

आणि या टिकल्यांच्या रांगेत स्मिथला उत्तर सापडलं. ज्यांचा रोग फुफ्फुसापुरता राहून बरा होई, त्यांच्या रक्तात ही दुसरी अँटिबॉडी एक तर उगवायचीच नाही, किंवा १:२, १:४ वर येऊन विरून जायची. टायटर १:१६च्या वर चढू लागला, की बुरशी फुफ्फुसाबाहेर पडल्याची शंका घ्यायची. आठवड्या-आठवड्याला चढतच गेला तर शंका उरत नसे. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात ही अँटिबॉडी सापडली तर मेंदूच्या आवरणांना लागण. आणि एखादा रोगी सावरू लागला, तर टायटर उतरणीला लागे. एका मोजणीपेक्षा चढ-उतार महत्त्वाचा, म्हणून पुन्हा पुन्हा रक्त मागवलं जाई, आणि जुना नमुना जपून ठेवून नव्याबरोबर एकाच दिवशी तपासला जाई.

त्याच वेळी हाताचं काय? टायटर चढत जाणाऱ्या रोग्यांपैकी बऱ्याच जणांचा हात सुईला उत्तरच देत नसे. पूर्वी सुजलेला हातही आता कोरा पडे. लेखाच्या सुरुवातीचा दुसरा रोगी तो हाच. स्मिथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे सगळं १९५० साली सविस्तर मांडलं आणि १९५६ साली ३९,५०० चाचण्यांचा ताळेबंद प्रसिद्ध केला. आज कुणी 'बायोमार्कर' हा शब्द वापरला की जनुकं, यंत्रं, महागडे पॅनेल डोळ्यांपुढे येतात. माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात सरस काम मेंढीच्या रक्ताने आणि काचेच्या नळ्यांनी केलं गेलं. त्याने नुसतं 'रोग आहे' असं न सांगता 'रोग कुठे चालला आहे' ते सांगितलं. बुरशीच्या रोगांत हे सांगणारी दुसरी चाचणी तेव्हा नव्हती.

पण का? रक्तात इतकी फौज, आणि तरी हार?

उत्तराची एक कडी १९४०च्या दशकातच अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला जुळत होती. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कार्ल लँडस्टाइनर आणि मेरिल चेस यांनी १९४२ साली दाखवलं, की कातडीवर उशिरा उठणारी सूज एका गिनीपिगकडून दुसऱ्याकडे नेता येते. मात्र रक्ताच्या पाण्याने नाही, पांढऱ्या पेशींनी. चेसने १९४५ साली क्षयाच्या चाचणीबाबतही तेच सिद्ध केलं. म्हणजे हातावरची ती सूज अँटिबॉडीचं काम नव्हतं. ते पेशींचं काम होतं, पुढे ज्यांना टी पेशी म्हणू लागले त्यांचं. बुरशीचा बीजाणू फुफ्फुसात शिरतो आणि त्याचा गोल होतो. तो गोल फुगतो, फुटतो आणि शेकडो बारीक कण सोडतो, आणि प्रत्येक कणाचा पुन्हा गोल होतो. त्याच्या जाड भिंतीवर अँटिबॉडी कितीही चिकटल्या तरी तो मरत नाही. त्याला गाठावं लागतं महाभक्षी पेशींनी, आणि त्या पेशींना चेतवतात टी पेशी, इंटरफेरॉन गॅमासारखे निरोप पाठवून. हा निरोप वेळेवर गेला तर बुरशी गाठीत कोंडली जाते, माणूस बरा होतो आणि हात सुजतो. निरोप गेला नाही, तर बुरशी वाढत राहते. जितकी बुरशी जास्त, तितके तिचे घटक रक्तात जास्त, आणि तितक्या अँटिबॉडी जास्त. टायटर मोजत होता तो शत्रूचा पसारा. आपलं बळ त्यात कुठेच नव्हतं.

एड्सच्या साथीने याची क्रूर पडताळणी केली. ज्यांच्या सीडी-४ टी पेशी रक्ताच्या दर मायक्रोलिटरला २५०च्या खाली गेल्या, त्यांच्यात याच बुरशीने थैमान घातलं. मग काही कुटुंबांत इंटरफेरॉन गॅमा ओळखणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातच दोष सापडला. तिथेही तीच गत. २०२० साली लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी एका चार वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. बुरशी अंगभर पसरलेली, औषधं हरलेली. तपासल्यावर दिसलं, की त्याच्या टी पेशी चुकीच्या वाटेला लागल्या आहेत. ॲलर्जीत जो प्रतिसाद चालू होतो, तो इथे चालू होता, आणि बुरशीला मारणारा झोपलेला होता. त्यांनी बुरशीच्या औषधांबरोबर इंटरफेरॉन गॅमा दिलं आणि ॲलर्जीच्या वाटेला अडसर घालणारं डुपिलुमॅब दिलं. मूल बरं झालं. स्मिथने पट्टीने मोजलेली सूज आणि नळीत मोजलेला टायटर यांच्यातला तोल इथे डॉक्टरांनी हाताने फिरवला, असं म्हणता येईल.

औषधांची कथा थोडक्यात. १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अंथरुणावर पडून राहण्यापलीकडे उपाय नव्हता. मग व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून अँफोटेरिसिन बी मिळालं. २०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत महाराष्ट्रातली कुटुंबं ज्याच्या कुप्यांसाठी दारोदार फिरली, तेच हे औषध. त्याने जीव वाचू लागले, मूत्रपिंडं मात्र पणाला लागत.

लशीची कथा यापेक्षा बोधप्रद आहे. बुरशीचे गोल फॉर्मलीनने मारून तयार केलेली लस प्राण्यांत छान चालली. १९८० ते १९८५ दरम्यान ती २,८६७ माणसांवर तपासली गेली. त्या कामाचे धुरीण डेमॉस्थेनिस पॅपाजियानिस. स्मिथनंतर टायटरच्या चाचणीची परंपरा त्यांनीच सांभाळली होती. दंड दुखले, सुजले. पण लस घेतलेले आणि खोटी सुई घेतलेले यांच्यात आजारी पडण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. माणसांसाठी या रोगावर मान्यताप्राप्त लस आजही नाही.

स्मिथ पुढे बर्कलीच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाचे डीन झाले आणि १९६७ साली वारले. त्यांच्या पश्चात हातावरची चाचणी हळूहळू मागे पडली. कॉक्सिडिऑइडिन विकून फारसा पैसा मिळत नव्हता. १९९०च्या दशकाच्या शेवटी ते बाजारातून नाहीसं झालं. रक्ताचा टायटर तेवढा राहिला. बरोबर निम्मी माहिती. ज्यात आपलं बळ दिसे, ती निम्मी गेली.

धूळ मात्र थांबली नव्हती. डिसेंबर १९७७मध्ये कर्न काउंटीत सुटलेल्या वादळाने माती शेकडो मैल उत्तरेला सॅक्रामेंटोपर्यंत नेली आणि जिथे हा रोग एरवी क्वचितच दिसे तिथे रोगी निघाले. १९९४च्या नॉर्थरिज भूकंपात दरडी कोसळून उठलेल्या धुळीने व्हेंचुरा काउंटीत २०३ जणांना लागण झाली, तिघे दगावले. दरम्यान कॅलिफोर्नियाने याच खोऱ्यात एकामागून एक तुरुंग बांधले. त्यातल्या प्लेझंट व्हॅली आणि ॲव्हनल या दोन तुरुंगांत रोग इतका माजला, की २०१३ साली संघराज्याच्या न्यायाधीशांनी कृष्णवर्णीय, फिलिपिनो आणि इतर जास्त धोक्यातल्या कैद्यांना तिथून हलवायचा आदेश दिला. तळावरच्या सैनिकांबद्दल स्मिथने लिहिलं होतं, त्याला तेव्हा साठ-सत्तर वर्षं होऊन गेली होती.

बुरशीच्या गोलांपासून बनवलेल्या नव्या अर्काला २०११ साली परवानगी मिळाली, आणि जानेवारी २०१५पासून कॅलिफोर्नियाच्या तुरुंगखात्याने कैद्यांच्या हातावर तो टोचायला सुरुवात केली. ज्याच्या हातावर सूज आली नाही, त्याला त्या दोन तुरुंगांत पाठवेनासे झाले.